ओहायोची एक दुर्मीळ सोल सिंगल पुन्हा काढायची झाली तर

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, १९७० च्या सुमारास काढलेली एक सोल सिंगल (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सोल संगीताची, बाजूला एकेक गाणे असलेली छोटी रेकॉर्ड) आपल्या संग्रहात आहे. तिची मूळ प्रत आता क्वचितच विक्रीला येते आणि आली तर सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर जाते. अशी रेकॉर्ड रीतसर पुन्हा काढायची झाल्यास काय करावे लागते, आणि बाजारात येणाऱ्या नव्या प्रतींपैकी नीट केलेली कोणती हे कसे ओळखावे, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी या क्षेत्रात हक्कांची जुळवाजुळव आणि जुन्या ध्वनीची दुरुस्ती ही दोन्ही कामे बरीच वर्षे केली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रेकॉर्ड पुन्हा काढता येते. मात्र या कामातला सर्वांत मोठा भाग रेकॉर्ड दाबून प्रती काढणाऱ्या (प्रेसिंगच्या) कारखान्यात होत नाही. तो माणसे शोधण्यात जातो. ती सापडली की मूळ ध्वनिमुद्रणाची टेप सापडण्याची शक्यता निर्माण होते, हक्काचा प्रश्न सुटतो आणि रेकॉर्डची खरी हकीकतही कळते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच शोधात दडलेले आहे.

रेकॉर्ड आपल्या मालकीची असली तरी तिच्यावरच्या संगीताचे हक्क आपल्याकडे येत नाहीत. प्रत्येक रेकॉर्डवर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे गीत आणि चालीचा, जो गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे असतो; दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा, जो बहुधा स्टुडिओचे पैसे भरणाऱ्याकडे असतो. रचनेच्या बाबतीत अमेरिकेत कायद्याने ठरवलेला दर आहे. २०२५ साली तो पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्यासाठी प्रतीमागे १२.७ सेंट होता, आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी हातात असेल तर हा भाग बहुधा अडत नाही. ध्वनिमुद्रणासाठी मात्र असा कोणताही ठरलेला दर नाही. मालकाने नकार दिला तर विषय तिथेच संपतो.

‘इतकी जुनी गोष्ट, आता ती कोणाचीच नसेल’ ही समजूत आपल्याकडे आणि तिकडेही फार पसरलेली आहे, म्हणून कायद्याबद्दल दोन शब्द लिहितो. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना संघराज्याच्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षणच नव्हते. ती प्रत्येक राज्याच्या वेगवेगळ्या कायद्यांखाली येत असत आणि त्यामुळे मोठा गोंधळ होता. २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्टने तो बराचसा मिटवला. त्यानुसार १९५७ पासून त्या १९७२ च्या तारखेपर्यंत झालेल्या ध्वनिमुद्रणांना २०६७ च्या फेब्रुवारीपर्यंत संरक्षण आहे. सोल आणि त्यातूनच निघालेल्या ठेकेदार फंक संगीताचा जवळजवळ सगळा बहराचा काळ यात येतो. म्हणजे आपल्या सिंगलचा कोणीतरी मालक आज नक्की आहे, भले त्या माणसाला स्वतःला ते ठाऊक नसेल.

अशा रेकॉर्ड दुर्मीळ का झाल्या, हे समजून घेतल्याशिवाय मालकाचा माग काढता येत नाही. डेट्रॉइट, शिकागो, मेम्फिस ही मोठी केंद्रे सोडली तर साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मध्यम शहरात एखादा रेडिओ निवेदक, न्हावी, विमा एजंट किंवा क्लबचा मालक स्वतःचे लेबल चालवत होता. पाचशे किंवा हजार प्रती काढायच्या, काही स्थानिक रेडिओ केंद्रांना आणि ज्यूकबॉक्सवाल्यांना द्यायच्या, उरलेल्या गाडीच्या डिकीतून विकायच्या, असा तो व्यवहार होता. गाणे आसपासच्या चार शहरांत चालले नाही तर उरलेल्या प्रती तळघरात जायच्या आणि पुढे पाण्याने किंवा घर बदलताना नष्ट व्हायच्या. संगीत कमअस्सल होते म्हणून त्या बुडाल्या असे फार थोड्या वेळा घडले. वितरण नव्हते, हेच मुख्य कारण होते. मोठ्या कंपनीच्या पोटातून आलेली दुर्मीळता हा अपवाद म्हणायचा. फ्रँक विल्सनची ‘डू आय लव्ह यू’ ही १९६५ सालची सिंगल मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ लेबलसाठी तयार झाली, पण ती बाजारात आलीच नाही आणि प्रसिद्धीसाठी काढलेल्या प्रतीही नष्ट करण्यात आल्या. वाचलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना आणि एक २०२० मध्ये १ लाख पौंडांना विकली गेली.

या किमती चढवल्या त्या इंग्लंडच्या उत्तरेकडील नृत्यगृहांनी. विगन कसिनो हे त्यांतले सर्वांत गाजलेले ठिकाण. ते १९७३ ते १९८१ या काळात चालले. तिथले डीजे दुर्मीळ रेकॉर्डच्या लेबलवर कागद चिकटवून तिला खोटेच नाव द्यायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ती ओळखता येऊ नये. त्याच काळात चोरून छापलेल्या प्रतींचाही सुळसुळाट झाला. गाणारा मात्र हजारो मैलांवर बस चालवत किंवा गिरणीत काम करत असायचा, आणि आपल्या आवाजावर कुठे रात्रभर नाच चालतो याचा त्याला पत्ता नसायचा. लंडनच्या एस रेकॉर्ड्सने १९८२ मध्ये केंट हे लेबल सुरू करून परवाने घेऊन, टेप शोधून, गायकांची खरी नावे छापून हेच संगीत लोकांपुढे आणले. या क्षेत्रात आज जी चांगली शिस्त दिसते तिच्यात त्या कामाचा वाटा फार मोठा आहे असे मी मानतो.

आता आपल्या सिंगलकडे वळू. शोधाची सुरुवात रेकॉर्डवरच होते. शेवटच्या चरापासून कागदी लेबलापर्यंतचा जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर तिरपा उजेड पाडून भिंगातून पाहा. तिथे हाताने कोरलेले किंवा ठशाने उमटवलेले आकडे असतात. ओहायोतल्या छोट्या लेबलांपैकी पुष्कळांनी सिनसिनाटीच्या राइट रेकॉर्ड्स या कारखान्याकडून काम करून घेतले. हा कारखाना प्रत्येक कामाला क्रमाने पाच आकडी क्रमांक द्यायचा, आणि ‘सीपी’ या अक्षरांपुढे ग्राहकाचा खातेक्रमांक घालायचा. क्रमांकांच्या याद्या अभ्यासकांनी जुळवलेल्या असल्यामुळे रेकॉर्ड कोणत्या वर्षी दाबली गेली हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते. त्याहून मोलाचा तो खातेक्रमांक. एकाच खात्यावर वेगळ्या नावाच्या लेबलाची एखादी गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतांची) रेकॉर्ड निघालेली सापडली, तर पैसे भरणारा माणूस एकच होता हे कळते, आणि त्या गॉस्पेल रेकॉर्डवर कदाचित चर्चचा पत्ता छापलेला असतो. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या रेकॉर्डवर असाच त्रिकोणाच्या खुणेसह क्रमांक असतो.

त्यानंतर लेबलवरची कंसातली नावे पाहायची, म्हणजे रचनाकारांची. गायकाने टोपणनाव घेतलेले असू शकते, पण रचनाकाराचे नाव पैशांच्या व्यवहारासाठी नोंदवलेले असते, आणि बीएमआय किंवा ॲस्कॅप या रचनाकारांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थांच्या नोंदींत ते बहुतेक वेळा सापडते. त्याखाली प्रकाशक-संस्थेचे नाव असते. मग जुन्या दूरध्वनी निर्देशिका, वादकांच्या संघटनेची स्थानिक शाखा, वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता आणि चर्च असा मार्ग असतो. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडते ती निधनवार्ता, कारण तिच्यात मुलाबाळांची नावे आणि ती कोणत्या गावी राहतात हे दिलेले असते. मात्र फोन करताना घाई करू नये. साठ वर्षांपूर्वी फसवणूक झालेल्या माणसाला परदेशातून अनोळखी आवाजात कोणी ‘तुमचे गाणे आम्हाला हवे आहे’ म्हटले, तर तो फोन ठेवून देतो आणि तेच स्वाभाविक आहे. आधी पत्र पाठवावे, आपण याआधी काढलेली एखादी रेकॉर्ड भेट म्हणून सोबत द्यावी आणि उत्तराची वाट पाहावी.

हा शोध किती वळणे घेतो याचे एक उदाहरण ओहायोचेच आहे. जुनी मुद्रणे पुन्हा काढणाऱ्या शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीने २००४ मध्ये आपले पहिले संकलन काढले, तेच मुळी कोलंबस शहरातल्या बिल मॉस यांच्या कॅपसोल लेबलचे. त्याच शहरातल्या प्रिक्स या लेबलचे संकलन त्यांनी २००७ मध्ये केले, आणि त्यात ‘पेनी अँड द क्वार्टर्स’ असे नाव असलेल्या गटाचे एक साधे, जवळजवळ तालमीसारखे ध्वनिमुद्रण घेतले. टेप सापडली होती, पण गाणारी मुलगी कोण हे कोणालाच सांगता येत नव्हते. २०१० मध्ये ‘ब्लू व्हॅलेंटाइन’ या चित्रपटात ते गाणे वापरले गेले, ते लोकांच्या मनात भरले, आणि मग कुठे गायिकेची ओळख पटली. क्वार्टर्स म्हणजे तिचे भाऊच होते. अशा वेळी नाव कळलेले नसतानाही तिचा वाटा हिशेबात वेगळा धरून ठेवावा लागतो, कारण ती व्यक्ती कधीही पुढे येऊ शकते. माणूस सापडेपर्यंत रेकॉर्ड काढूच नये असे म्हणणारेही आहेत आणि त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. परंतु वादकांची पिढी वेगाने सरत चालली आहे, हेही तितकेच खरे. ह्यूस्टनच्या कॅशमिअर हायस्कूलच्या विद्यार्थी-बँडला अव्वल फंक वाजवायला शिकवणारे कॉनराड जॉन्सन यांचे ध्वनिमुद्रण नाऊ अगेन या लेबलने २००६ मध्ये संकलित केले. जॉन्सन २००८ मध्ये गेले. दोन वर्षे उशीर झाला असता तर आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाचा जगभर झालेला गौरव त्यांना पाहायला मिळाला नसता.

मालक सापडला तरी तो खरोखरच मालक आहे का, हा प्रश्न उरतो. जमिनीच्या व्यवहाराला निदान सातबारा असतो आणि त्यावर फेरफार लागलेले दिसतात; इथे तसा उतारा कुठेच मिळत नाही. लेबलच्या मालकाने मुद्रणे एखाद्या मोठ्या कंपनीला विकलेली असतात, ती कंपनी बुडते, तिचा संग्रह तिसऱ्याच्या हाती जातो; इकडे गायकाचे म्हणणे असते की मला एक पैसा मिळाला नाही, म्हणून टेप माझीच. म्हणून करार करताना मालकाकडून हक्काची लेखी हमी घ्यावी आणि गायक-वादकांचा वाटा त्याच कराराच्या मसुद्यात नावानिशी लिहावा, मग कायद्याने तो बंधनकारक असो वा नसो. परवाना ठरावीक वर्षांपुरता घ्यावा. सर्व हक्क कायमचे विकत मागू नयेत. सुरुवातीला काही रक्कम आगाऊ आणि पुढे प्रतीमागे मानधन, किंवा खर्च वजा जाता नफ्याची निम्मी वाटणी, असे दोन्ही प्रकार चालतात. छोट्या रेकॉर्डसाठी मला दुसरा प्रकार न्याय्य वाटतो, पण हिशेब वर्षातून दोनदा न चुकता पाठवायला हवा. चित्रपटात किंवा हिप-हॉपच्या सॅम्पलमध्ये (नव्या गाण्यात वापरलेल्या जुन्या तुकड्यात) गाणे गेले तर मिळणारी रक्कम रेकॉर्डच्या विक्रीपेक्षा कितीतरी मोठी असू शकते, म्हणून त्याची वाटणी आधीच स्पष्ट लिहावी. शिकागोच्या सिल जॉन्सन यांचे १९६७ चे ‘डिफरंट स्ट्रोक्स’ असंख्य रॅप-गाण्यांत वापरले गेले आणि त्याच्या पैशांसाठी त्यांना अनेकदा भांडावे लागले. न्यूमेरोने २०१० मध्ये काढलेल्या त्यांच्या संचाला ग्रॅमीची नामांकने मिळाली.

आता ध्वनीकडे. मूळ मास्टर टेप मिळाली तर उत्तम, पण ती थेट यंत्रावर लावू नये. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही टेपांचे, विशेषतः ॲम्पेक्स ४५६ सारख्यांचे, बंधक द्रव्य हवेतला ओलावा शोषून चिकट होते. अशी टेप वाजवली तर ती यंत्राच्या हेडला चिकटून चुंईचुंई आवाज करते आणि तिच्यावरचा चुंबकीय थर खरवडून निघतो. ती सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास सौम्य उष्णतेत ठेवली की काही आठवडे वाजवण्याजोगी होते, आणि तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यावी लागते. त्याआधीच्या ॲसिटेटच्या टेपला मात्र उष्णता देणे घातक आहे. म्हणून टेप कोणत्या जातीची आहे हे ओळखणे ही पहिली पायरी.

आपल्या सिंगलची टेप मिळण्याची शक्यता, खरे सांगायचे तर, कमी आहे. छोटे स्टुडिओ टेप पुसून पुन्हा वापरायचे. मग रेकॉर्डवरूनच ध्वनी घ्यावा लागतो. हे काम कमी प्रतीचे आहे असे मी मानत नाही. चांगल्या हातांनी केले तर त्याचा परिणाम थक्क करणारा असतो. त्यासाठी एक प्रत पुरत नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ सिंगल व्हायनिलऐवजी स्टायरीन या ठिसूळ प्लास्टिकच्या असत, आणि डीजेच्या जड सुईखाली त्या लवकर झिजत. सर्वांत आधी जातात ती सुरुवातीची काही सेकंदे, कारण गाणे जागेवर आणण्यासाठी डीजे तबकडी मागे-पुढे फिरवतो. तिथे केवळ खरखर उरते. म्हणून सुरुवात एका प्रतीवरून, मधला भाग दुसरीवरून असे करावे लागते. मोनो रेकॉर्डच्या चराच्या दोन्ही भिंतींवर एकच ध्वनी असतो, तेव्हा दोन्ही बाजू वेगळ्या मुद्रित करून कमी झिजलेली भिंत निवडता येते. पूर्वीच्या सुया चरात ज्या उंचीवर टेकत तिच्या थोडी वर किंवा खाली टेकणारी वेगळ्या जाडीची सुई लावली, तर न झिजलेला भाग हाती लागतो. जुन्या मोनोसाठी सुमारे २५ मायक्रॉन आणि स्टिरिओसाठी सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची सुई हे सर्वसाधारण माप. दुरुस्तीच्या कामात मात्र अशा कित्येक सुया हाताशी ठेवाव्या लागतात.

तबकडीचे मधले छिद्र नेमके मध्यावर आहे का हे पाहायला विसरू नये. सात इंची सिंगलमध्ये छिद्र अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर आतल्या चरांत वेग जवळजवळ एक टक्का वर-खाली होतो. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या हिशेबाने हा हेलकावा सव्वा-दीड सेकंदाला एकदा येतो, आणि ऑर्गनचा किंवा पितळी वाद्यांचा लांब सूर लगेच बेसूर वाटू लागतो. उपाय साधा आहे: प्रत मधल्या खुंटीत अडकवू नये, सुईचा दांडा डावी-उजवीकडे हलायचा थांबेपर्यंत ती हाताने सरकवावी. दुरुस्ती करताना प्रत्येक टकटक हाताने काढावी. सरसकट खरखर काढणारे सॉफ्टवेअर जोरात चालवले, तर खरखरीबरोबर हाय-हॅट या ड्रमच्या झांजांची धार आणि खोलीतली हवाही जाते, आणि ढोलकरी काचेपलीकडे बसून वाजवतो आहे असे वाटू लागते. थोडी खरखर राहिलेली चालेल, मेलेला ताल चालणार नाही.

पुढचे काम कारखान्याचे आहे. तयार ध्वनी लॅकरच्या, म्हणजे मऊ लेपाच्या तबकडीवर कोरतात, तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात, आणि त्यापासून टप्प्याटप्प्याने स्टॅम्पर, म्हणजे प्रती दाबण्याचा धातूचा साचा, बनतो. एका स्टॅम्परमधून साधारण हजार प्रती नीट निघतात. लॅकर बनवणारे जगात फारच थोडे आहेत; फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला तेव्हा सगळा भार जपानमधल्या एका कंपनीवर आला होता. चाचणीसाठी आलेल्या पहिल्या प्रती शेवटपर्यंत, दोन्ही बाजू, हेडफोन लावून ऐकाव्यात.

नव्या प्रती विकत घेताना काय पाहावे, या प्रश्नाचे उत्तर यावरून पुष्कळसे मिळाले असेल. मागच्या कव्हरवर परवाना कोणाकडून घेतला हे नावानिशी लिहिलेले असावे. ध्वनीचे मूळ टेप आहे की रेकॉर्ड, आणि मास्टरिंग (छापण्याआधीची ध्वनीची अखेरची जुळणी) कोणी केले, हे सांगितलेले असावे. वादकांची नावे आणि ध्वनिमुद्रणाची जागा दिलेली असावी. ज्याने मालकाशी खरोखर संवाद केला आहे त्याला ही माहिती मिळालेलीच असते. ज्याने नुसती नक्कल केली आहे त्याच्याकडे ती नसते, आणि कव्हरचे चित्रही स्कॅन करून मोठे केल्यासारखे पुसट असते. ‘१८० ग्रॅम’, ‘रीमास्टर्ड’, ‘मर्यादित आवृत्ती’ हे शब्द गुणवत्तेबद्दल काहीच सांगत नाहीत. पन्नासच्या दशकातल्या जॅझच्या युरोपात निघणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांबद्दल सावध राहावे. तिथे १९६३ पूर्वी प्रकाशित झालेली मुद्रणे संरक्षणाबाहेर गेल्यामुळे त्या तिकडे बेकायदा नसतात, पण बहुतेक वेळा त्या सीडीवरून काढलेल्या असतात आणि कलाकाराच्या घरी त्यातले काही जात नाही. याउलट ब्लू नोट या जॅझ लेबलने २०१९ पासून काढलेली टोन पोएट मालिका मूळ टेपवरून, कोणी कोरली हे सांगून निघते. मोठी नावेही तपासूनच घ्यावीत: केवळ ॲनालॉग (मध्ये डिजिटल टप्पा नसलेल्या) मार्गाने केल्याचा समज असलेल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या रेकॉर्डमध्ये डिजिटल टप्पा होता हे २०२२ मध्ये उघड झाले. डिजिटल टप्प्याने आवाज बिघडतोच असे नाही. माझा आक्षेप न सांगण्याला आहे.

आपल्याकडच्या संगीतालाही हे सगळे लागू आहे. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडचे संगीत नाऊ अगेनने, तर कोलकात्याच्या रूपा बिस्वास यांची कॅनडात मुद्रित झालेली १९८२ ची ‘डिस्को जॅझ’ न्यूमेरोने २०१९ मध्ये पुन्हा काढली. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांची सत्तरच्या दशकातली गाणीही अशीच नव्या पिढीपर्यंत पोचली. मात्र हिंदी चित्रपटसंगीतातल्या गोव्याच्या वादक-संयोजकांची, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांची नावे रेकॉर्डच्या लेबलवर नसायचीच, त्यामुळे लेबल वाचून माग काढण्याची वर सांगितलेली पद्धत तिथे कामी येत नाही. कुटुंबीयांच्या आठवणी आणि हाती लिहिलेली नोटेशन हाच आधार उरतो.

आपल्या सिंगलबद्दल माझी विनंती अशी आहे की, दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि त्या गुळगुळीत पट्ट्यावरच्या आकड्यांचे स्पष्ट फोटो आधी काढावेत. ती स्टायरीनची आहे का हे पाहावे: स्टायरीनची कड बोथट आणि जाड असते, आणि टिचकी मारल्यावर कडक आवाज येतो. तसे असेल तर अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण तिला लावू नये, कारण त्याने पृष्ठभाग बिघडतो. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. जड सुईवर ती पुन्हा वाजवू नये, आणि तिच्यावरून ध्वनी घ्यायचे ठरेपर्यंत पोस्टाने कोणाकडेही पाठवू नये. रचनाकारांची नावे आणि ‘सीपी’पुढचा क्रमांक मिळाला, तर शोध कुठून सुरू करायचा ते मी सांगू शकेन.